वर्षभराची अट

पेन आप्पांच्या हातात होतं. टोपण काढून झालं होतं, चष्मा नाकावर नीट बसवून झाला होता, आणि समोर बसलेले दुसाने नावाचे गृहस्थ अर्जावर बोट ठेवून जागा दाखवत होते.

"इथे एक सही, मागच्या पानावर एक. बाकीचं सगळं आम्ही बघतो, काका."

मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. महिनाभर चाललेल्या चर्चेचा आज निकाल लागणार होता, आणि खरं सांगायचं तर मला घरात काहीतरी कार्य असल्यासारखं वाटत होतं.

"एक विचारू?" आप्पा म्हणाले. "समजा नाही पटलं, तर परत जुन्या कंपनीकडे जाता येतं?"

"येतं की. फक्त वर्षभर थांबावं लागतं. एकदा आमच्याकडे आलात की एक वर्ष आमच्याकडेच. तेवढी एक अट आहे."

"वर्षभर," आप्पा म्हणाले.

"वर्ष कसं जातं कळत पण नाही."

आप्पा अर्जाकडे बघत राहिले. मग त्यांनी पेनला टोपण लावलं, पेन खिशात अडकवलं आणि दुसान्यांना म्हणाले, "उद्या या."

दुसाने माझ्याकडे बघायला लागले. मी आप्पांकडे. आप्पा खिडकीबाहेर.

मुंबईच्या उपनगरात काही वर्षांपूर्वी असा एक काळ आला होता, की दूधवाला बदलावा तशी वीज कंपनी बदलता येऊ लागली होती. आम्ही तेव्हा गोरेगावला राहत होतो, एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. घरात माणसं तीन. माझे सासरे आप्पा पितळे, मी, आणि माझी मुलगी रेवती, तेव्हा अकरावीतली. माझा नवरा जयंत रेवती सात वर्षांची असताना गेला. कामावर असताना छातीत दुखायला लागलं, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सासूबाई त्याच्या आधीच गेलेल्या. जयंतचे थोरले भाऊ विद्याधर बायको नीलिमाबरोबर बंगलोरला राहायचे, मोठ्या नोकरीत होते. मी त्यांना दादा म्हणत असे. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा.

विधवा सून आणि म्हातारा सासरा म्हटलं की लोक मनाशी एक चित्र तयार करतात. सून रडतेय, सासरा खोकतोय. आमचं तसं काही नव्हतं. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, संध्याकाळी घरी यायची, आणि चहाचे कप घेऊन आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. आप्पांची सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत गेलेली. कुठलीही गोष्ट चारी बाजूंनी तपासल्याशिवाय त्यांच्या गळी उतरत नसे. मी काही काढलं की ते म्हणायचे, "मांड प्रस्ताव." मग मी मांडायची. ते खोडायचे. मी पुन्हा मांडायची. फ्रिज घेताना असे तीन आठवडे गेले होते, आणि ज्या दिवशी तो घरात आला त्या दिवशी आप्पांनी त्याला हार घातला होता. लग्नात मला जी माणसं मिळाली त्यांत मला सगळ्यात जवळचे कोण, असं कुणी विचारलं असतं तर जयंतच्या खालोखाल मी आप्पांचं नाव सांगितलं असतं. कधीकधी वाटायचं, जयंतच्या आधीसुद्धा.

त्या उन्हाळ्यात विजेचं बिल आलं ते बघून अख्ख्या सोसायटीचे डोळे पांढरे झाले. आमचं जवळजवळ दुप्पट. जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, सगळीकडे तोच विषय. त्यात नव्या कंपनीने गेटजवळ छत्री लावून टेबल टाकलं, आणि सोसायटीचे सेक्रेटरी खानोलकर घरोघर फिरून सांगायला लागले, की सगळी विंग एकदम बदलली तर काम लवकर होईल.

मी प्रस्ताव मांडला.

आप्पांनी पहिल्याच दिवशी कोंडीत पकडलं. "तारा कुणाच्या?"

"जुन्याच कंपनीच्या. त्याच तारांतून येणार. फक्त मीटर आणि बिल नव्या कंपनीचं."

"म्हणजे तारा यांच्या आणि वीज त्यांची. मग उद्या अंधार झाला तर बोलवायचं कुणाला?"

हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन मी विचारून आले. तिसऱ्या दिवशी आप्पांनी नवा मुद्दा काढला, की आज हे स्वस्त देतायत, उद्या यांनीही वाढवलं तर? चौथ्या दिवशी त्यांनी अंधेरीच्या आपल्या आतेभावाला फोन लावला, ज्याने आधीच कंपनी बदलली होती. त्याच्याशी अर्धा तास बोलले. रेवती म्हणायची, तुम्ही दोघं देश चालवताय असं वाटतं. मजा यायची आम्हाला. बिलाचा ताण होताच, तो काही खोटा नव्हता. पण संध्याकाळी घरी यायला काहीतरी कारण होतं.

शेवटी आप्पा स्वतःच म्हणाले, "ठरलं. बदलायचं. त्या माणसाला बोलव."

म्हणून तर मला कळेना, की पेनचं टोपण का लागलं.

दुसाने दुसऱ्या दिवशी आले तेव्हा आप्पा डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडले. त्यानंतर आले तेव्हा आप्पा म्हणाले, अजून थोडा विचार करू दे. दुसाने सज्जन माणूस होता. मला दारात हळूच म्हणाला, "ताई, म्हातारी माणसं घाबरतात. सावकाश घ्या. पण या महिन्यात केलंत तर बरं."

मलाही तेच वाटलं. मग त्याहून वाईट वाटायला लागलं. आप्पा ऐंशीच्या घरात होते. मला वाटलं, डोकं साथ सोडायला लागलं की काय. आपणच ठरवलेलं विसरले की काय. मी मुद्दाम त्यांना विचारलं, गेल्या गणपतीत आपल्याकडे कोण कोण आलं होतं. त्यांनी सगळी नावं सांगितली. कुणी काय आणलं होतं तेही सांगितलं.

"का विचारतेस?" ते म्हणाले.

"सहज."

एक दिवस खानोलकर वर आले. चहा घेतला. म्हणाले, "वहिनी, विंगमध्ये तुमचं एक आणि ते कायम बंद असलेलं घर, एवढीच राहिलीत. आप्पा, काय एवढं? हातासरशी होऊन जाऊ दे."

आप्पा त्यांच्याकडे बघून नुसते हसले. मला ते हसणं विचित्र वाटलं. खानोलकरांनीही नजर काढून घेतली आणि कप खाली ठेवून उठले.

त्या रात्री जेवताना मी विषय काढला. म्हटलं, "आप्पा, तुमची काही अडचण असेल तर सांगा. मी दुसान्यांना नाही म्हणून सांगते. पण रोज त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवणं बरं दिसत नाही."

"कंपन्या कुठे पळून चालल्यात?"

"तुम्हीच म्हणालात ठरलं म्हणून."

"म्हणालो असेन."

"बिल मी भरते, आप्पा. मला ते जड जातंय."

मी हे बोलायला नको होतं असं नाही. ते खरंच होतं. जयंत गेल्यापासून विजेचं, सोसायटीचं, गॅसचं, सगळं माझ्याच पगारातून जायचं, आणि त्याबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. आप्पांनी घास खाली ठेवला.

"मीटर माझ्या नावावर आहे," ते म्हणाले. "काय करायचं ते मी ठरवीन."

रेवतीने ताटातून मान वर केली नाही. त्या घरात माझं आणि तुझं असं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी उठून त्यांना ताक वाढलं. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

पुढचा रविवार आला. आप्पा आंघोळीला गेले होते, रेवती क्लासला. फोन वाजला. दादाच होते. इकडचं तिकडचं झालं. मला वाटलं, थोरल्या मुलाचं तरी ऐकतील.

म्हटलं, "दादा, तुम्हीच जरा आप्पांना सांगा. विजेची कंपनी बदलायचीय, सगळ्या बिल्डिंगने बदलली, हे सहीच करत नाहीत."

"कशाला आता बदलताय?" दादा म्हणाले. "दिवाळीपर्यंतचाच तर प्रश्न आहे."

"दिवाळीपर्यंत म्हणजे?"

पलीकडे काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"दादा?"

"आप्पा बोलले नाहीत तुझ्याशी?"

"कशाबद्दल?"

"आप्पांना दे फोन."

"आंघोळीला गेलेत."

"मग आल्यावर मला करायला सांग." आणि त्यांनी फोन ठेवला.

आप्पा बाहेर आले, तेव्हा मी त्यांना एवढंच सांगितलं, की दादांचा फोन होता, तुम्हाला करायला सांगितलाय. ते फोन घेऊन गॅलरीत गेले. दार त्यांनी लोटून घेतलं नव्हतं. मला त्यांचं "हं, हं" एवढंच ऐकू येत होतं. शेवटी ते म्हणाले, "सांगणारच होतो मी." मग आत येऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. मी समोर बसले.

"दिवाळीला काय आहे, आप्पा?"

ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. केस ओले होते, पुसायचे राहिले होते.

"घर विद्याधरच्या नावावर केलंय," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. मी मोतीबिंदूसाठी बंगलोरला गेलो होतो ना, तेव्हा बोलणं झालं. मग तो इकडे आला तेव्हा करून टाकलं."

मला तो दिवस आठवला. दोघं सकाळी जेवून बाहेर पडले होते. बँकेत काम आहे म्हणाले होते. परत येताना रेवतीसाठी आणि माझ्यासाठी आंबा बर्फी आणली होती.

"त्याला तिकडे मोठं घर घ्यायचंय. म्हणून हे विकायचं म्हणतोय. गिऱ्हाईक बघतोय. दिवाळीपर्यंत होईल असं त्याचं म्हणणं."

"आणि मी? रेवती?"

"मी त्याला सांगितलंय, यांची सोय बघ म्हणून."

सोय. गावाहून पाहुणे यायचे असले की आम्ही हा शब्द वापरायचो.

"का, आप्पा?" मी विचारलं. माझा आवाज चढला नव्हता. मला राग यायलाही अजून वेळ होता. मला खरोखरच कारण हवं होतं. इतकी वर्षं ते मला प्रत्येक गोष्टीचं कारण द्यायला लावत होते.

"तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू परकी नाहीस. पण रेवती उद्या लग्न होऊन जाईल. आणि तू... जयंत गेला तेव्हा तुझं वय काय होतं? मला नेहमी वाटायचं, ही कधीतरी दुसरं लग्न करेल. करावंही. मग हे घर कुणा तिसऱ्याच माणसाच्या हातात जायचं. पितळ्यांचं घर पितळ्यांत राहावं, एवढंच मनात होतं."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

आप्पा गुडघ्यांवरच्या हातांकडे बघायला लागले.

जयंत गेल्यावर तीनेक वर्षांनी नाडकर्णी म्हणून एकांनी मला विचारलं होतं. आमच्या दुकानाला फ्रेम पुरवायचे, बायको गेलेली, मूलबाळ नाही. शांत, नीटस माणूस. रेवतीशी त्यांचं जमायचं. मी त्यांना लगेच उत्तर दिलं नाही. घरी आले, चहा केला आणि आप्पांपुढे प्रस्ताव मांडला, नेहमीसारखाच. आप्पांनी त्या दिवशी एकही मुद्दा खोडला नाही. एवढंच म्हणाले, "तू गेलीस तर या घरात पान हलणार नाही, हर्षदा." मी दुसऱ्या दिवशी नाडकर्ण्यांना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी पुढे आमच्या दुकानात येणं बंद केलं.

"तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?" मी विचारलं.

त्यांना आठवत होतं. त्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे याची मी नुकतीच खात्री करून घेतली होती.

"तो स्वार्थ झाला माझा," ते हळूच म्हणाले.

"आणि हा?"

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. बराच वेळ आम्ही दोघं तेच ऐकत बसलो.

मग मला जे विचारायचं होतं ते आठवलं. "सही का केली नाहीत मग? परवाच करून टाकली असतीत तर मला कळलंही नसतं. दिवाळीपर्यंत निवांत राहिला असतात."

आप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "तो माणूस म्हणाला ना, वर्षभर. वर्षभर आम्ही इथे वीज घेऊ असं लिहून द्यायचं. माहीत असताना खोटं कसं लिहून देणार? माझा हात चालेना."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते अगदी मनापासून बोलत होते. कधी न पाहिलेल्या एका वीज कंपनीला फसवायला त्यांचा हात धजला नव्हता. माझ्यासमोर मात्र दोन वर्षं रोज संध्याकाळी बसून ते चहा प्याले होते. फ्रिजला हार घातला होता तोही त्याच दोन वर्षांत.

मी उठले आणि टॉवेल आणून त्यांच्या मांडीवर टाकला. "डोकं पुसा," म्हटलं. स्वतः पुसून दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाताना खानोलकर जिन्यात भेटले. घर दुसऱ्याच्या नावावर व्हायचं तर सोसायटीच्या कमिटीसमोर यावं लागतं, हे मला रात्री अंथरुणात सुचलं होतं. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

ते एक पायरी मागे सरले. "वहिनी, घरगुती मामला. आम्ही त्यात काय बोलणार? आणि आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"कमिटीत किती जण आहात?"

"सात," ते म्हणाले.

सात घरांना माहीत होतं. हळदीकुंकवाला मी त्या साती घरांत जात होते.

"काही करता येईल का?" मी विचारलं.

"आप्पांनी स्वतः कमावून घेतलेली जागा आहे. द्यायची कुणाला हे त्यांनीच ठरवायचं. तुम्ही राहत होतात, ते त्यांच्या मर्जीने. वकिलाला विचारून बघा, पण तो वेगळं काही सांगेल असं वाटत नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "विजेचं आता असू दे. तुमच्याऐवजी मी कळवतो त्यांना."

वकिलाने वेगळं काही सांगितलं नाही.

गणपती झाल्यावर दादा आले. एकटेच. येताना कॉफी पावडर आणली होती, दर वेळी आणायचे तशी. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, हेच अवघड होतं. ओरडणारे, हात उगारणारे असते तर मला सोपं गेलं असतं. ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि मला म्हणाले, "हर्षदा, मी तुला रस्त्यावर सोडणारा माणूस नाही. हे आधी लक्षात घे."

आप्पा पलंगावर बसले होते. रेवतीला मी आत जायला सांगितलं होतं, पण ती दारातच उभी राहिली आणि मी पुन्हा सांगितलं नाही.

"मी असं ठरवलंय," दादा म्हणाले, "की विरारला एक छोटी जागा भाड्याने घ्यायची. भाडं माझ्याकडे. तुम्ही दोघी आणि आप्पा तिथे राहा. आप्पांना या वयात हवापाणी बदललेलं सोसणार नाही. त्यांची पथ्यं, औषधं, सगळं तुला ठाऊक. नीलिमाला ऑफिस असतं."

"मलाही दुकान असतं."

"हो, पण तुला सवय आहे."

मी म्हटलं, "भाडं किती दिवस देणार, दादा?"

"म्हणजे?"

"आप्पा आहेत तोवर? का नंतरही?"

दादांनी आप्पांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "पुढचं पुढे बघू ना. आत्तापासून कशाला?"

मला वाटलं, आता आप्पा काहीतरी बोलतील. विमा कचेरीतला माणूस, कलमं वाचणारा, ज्याने तारा कुणाच्या हे पहिल्याच दिवशी विचारलं होतं. याच्यात काय काय लिहिलेलं नाही हे त्यांना कळलं नसेल असं होणं शक्य नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव होता. त्यांना वाटत होतं, मार्ग निघाला. विरार तर विरार, पण संध्याकाळी चहाला मी समोर असेन.

मी आप्पांकडे वळले. "आप्पा, तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं काय," ते म्हणाले. "तू म्हणशील तसं."

"मग मी नाही म्हणते."

दादांना ते कळायला वेळ लागला. "नाही म्हणजे? विरार नको?"

"विरार मी बघीन. माझ्या पगारात बसेल तशी जागा बघीन. आम्ही दोघी जाऊ. आप्पा तुमच्याकडे."

"हर्षदा, त्यांच्या वयाचा तरी विचार कर."

"नऊ वर्षं केला. आता तुम्ही करा."

"तू चिडून बोलतेयस. चार दिवस जाऊ देत."

"मी चिडले होते ते मागच्या महिन्यात," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

आप्पा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं ते रागावतील, निदान रडतील. त्यातलं काहीच झालं नाही. ते अशा नजरेने बघत होते, की जणू मी प्रस्ताव मांडलाय आणि तो खोडायला त्यांना एकही मुद्दा सापडत नाहीये. मग त्यांनी पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

पुढचं सगळं लवकर झालं. आम्ही दोघी नालासोपाऱ्याला एका खोलीत राहायला गेलो. रेवतीला इंजिनिअर व्हायचं होतं, तिने डिप्लोमा केला आणि नोकरी धरली. आज वसईला आमचं स्वतःचं घर आहे, लहान, पण दोघींच्या नावावर. आप्पा बंगलोरला पावणेदोन वर्षं होते. मी त्यांना भेटायला गेले नाही. त्यांनी बोलावलंही नाही, किंवा बोलावलं असेल तर ते माझ्यापर्यंत पोचलं नाही. ते गेले तेव्हा दादांचा फोन आला. म्हणाले, शेवटी तुझी आठवण काढत होते. असं सगळेच म्हणतात. खरं असलं तरी त्याचं मी काय करणार होते?

मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. चुकले नाही म्हणून मन शांत आहे, असंही नाही.

मध्यंतरी एका लग्नात खानोलकर भेटले. खूप थकले होते. म्हणाले, "वहिनी, त्या नव्या कंपनीनेही पुढे दर असे चढवले की विचारू नका. आम्ही सगळे पस्तावलो. विंगमध्ये शहाणे काय ते आप्पाच."

मी जेवणाची रांग दाखवून त्यांना म्हटलं, "चला, गर्दी वाढतेय."

आप्पा बंगलोरला गेले त्या सकाळचं सांगते आणि थांबते. विमान दुपारचं होतं, टॅक्सी खाली येऊन उभी होती. आप्पांची बोटं सांध्यांत आखडलेली असत, त्यामुळे शर्टाची बटणं त्यांना लावता येत नसत. रोज सकाळी मी लावायची. हा आमचा अर्ध्या मिनिटाचा कार्यक्रम होता, त्यात ते आदल्या दिवशीच्या बातम्यांवर काहीतरी बोलायचे. त्या सकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. आतून दादांचा आवाज येत होता, "मान वर करा आप्पा, हं, झालं."

दोघं बाहेर आले तेव्हा मी पाहिलं. दादांनी घाईत एक काज चुकवलं होतं. सगळी बटणं एकेक घर खाली गेली होती, एक बाजू वर ओढली गेली होती आणि कॉलर मानेशी वाकडी उभी राहिली होती. दादांच्या ते लक्षात आलं नव्हतं. ते पिशव्या मोजत होते.

आप्पांच्या लक्षात आलं होतं. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हनुवटी जरा वर केली आणि थांबले.

माझे हात रिकामे होते. रेवती बाजूला उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं.

"आप्पा, चला," दादांनी लिफ्टपाशी जाऊन हाक मारली.

आप्पा आणखी क्षणभर थांबले. मग त्यांनी हनुवटी खाली घेतली, एका हाताने कॉलर दाबून धरली आणि वळले. लिफ्टमध्ये शिरल्यावरही त्यांनी हात काढला नाही. जाळी सरकली, दिवा खाली गेला.

रेवती म्हणाली, "आई, मी जाऊ का खाली?"

मी तिला दार लावायला सांगितलं.